दारावरची चाळणी

"पिशवी इथं ठेवा, टोकन घ्या."

शहरातल्या कुठल्याही बाजारात किंवा मार्टमध्ये शिरताना हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते कानावरून तसंच जातं. पाठीवरची सॅक काढायची, टोकन खिशात टाकायचं, आत जायचं. निघताना गार्ड बिल बघतो, त्यावर पेनानं रेघ मारतो, आपण चालू लागतो. दहा सेकंदांचं काम. माझ्या मोठ्या आईला मात्र तिथून निघायला पाऊण तास लागला. हा लेख त्या पाऊण तासावर आहे. प्रोबॅबिलिटीच्या तासाला झोप काढणाऱ्यांनी (म्हणजे मीसुद्धा!) मधला भाग जरा जागेपणी वाचावा.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. तिचा मुलगा, आमचा दादा, पिंपरी-चिंचवडकडे एका दुकानात सिक्युरिटी गार्ड आहे. त्याच्याकडे ती दिवाळीनंतर पंधरा दिवस राहायला गेली होती. दादाची खोली कामगार वस्तीत. आसपास सगळे आमच्यासारखेच, कुणी लातूरचे, कुणी जळगावचे, कुणी पार बिहारचे. वस्तीच्या तोंडाशी एक सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकान नव्यानं सुरू झालेलं. (दादा काम करतो ते हे नव्हे, ते दुसरं.) मोठी आई एक दिवस एकटीच तिथं साखर आणि तेल आणायला गेली. नऊवारी लुगडं, कमरेला चंची, हातात शिवलेली कापडी पिशवी. पिशवी ठेवायचा काउंटर तिला कळला नाही आणि जाताना कुणी हटकलंही नाही. येताना मात्र हटकलं. पिशवीत बिलावर नसलेला चहाचा पुडा निघाला.

पुडा तिचाच होता. गावाहून निघताना आमच्या किराणावाल्याकडून घेतलेला, पोराकडे चहा कमी पडू नये म्हणून. सांगून सांगून दमली. गार्डनं सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरनं तिला आत खोक्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. एका मुलीनं तिची चंची उघडायला लावली. चंचीत काय निघणार? पान, सुपारी आणि घडी घातलेल्या नोटा. शेवटी कुणीतरी दादाला फोन लावून दिला आणि दादा ड्यूटीवरून तसाच आला, अंगात स्वतःच्या दुकानाचा गार्डचा ड्रेस!

त्यानं आल्या आल्या एकच प्रश्न विचारला, "हा दहा रुपयांचा पुडा तुमच्या रॅकवर हाय का? दाखवा मले." नव्हता. त्या दुकानात अडीचशे ग्रॅमच्या खाली चहाच ठेवत नव्हते. मग सोडलं. माफी कुणी मागितली नाही. दारावरचा गार्ड एवढंच म्हणाला, "मावशी, ड्यूटी हाय आमची." मोठी आई त्याला म्हणाली, "व्हय बापा, माह्या पोराची बी तीच हाय."

ही गोष्ट घरात सगळ्यांनी हसत सांगायला सुरुवात केली. तिनं मात्र त्यानंतर कुठल्याही मॉलच्या, मार्टच्या दारात पाय ठेवलेला नाही.

आता जानेफळच्या दुकानाकडे वळू. गार्ड नावाची वस्तू तिथं नाही. का नाही? गावची माणसं फार प्रामाणिक म्हणून? तसं काही नाही. गार्ड नाही, कारण तिथं काउंटर आहे. साखरेचं पोतं, तेलाचा डबा, बिस्किटाचे पुडे, सगळं दुकानदाराच्या पाठीमागे. गिऱ्हाईक अलीकडे, माल पलीकडे, मध्ये गल्ला आणि तराजू. मालाला हात लावेल तो दुकानदार किंवा त्याचा पोरगा. ज्या मालापर्यंत हातच पोचत नाही त्याची चोरी कशी होणार? म्हणून तिथं गिऱ्हाइकावर संशय घ्यायची गरजच पडत नाही. सोयाबीन विकेपर्यंत वहीत उधारी मांडली जाते, म्हणजे दुकानदार उलट आपल्यावर पैशाचा विश्वास टाकतो.

उगाच गावाचे गोडवे गायचा माझा विचार नाही. याच काउंटरनं पिढ्यान्पिढ्या माणसं बाहेर उभी ठेवली. दलितांनी दुकानाची पायरी चढायची नाही, पैसे खाली ठेवायचे, माल वरून टाकलेला झेलायचा, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांनी सोसलेलं आहे. म्हणूनच आपल्या राज्यघटनेत 'दुकान' हा शब्द स्पष्टपणे आलाय. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला आडकाठी करता येणार नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा चालू असताना दुकान म्हणजे नक्की काय, असा मुद्दा निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं, की हा शब्द अगदी व्यापक अर्थानं घ्यायचा. येईल त्याला सेवा द्यायला जो बसलाय त्याची जागा म्हणजे दुकान, मग तो न्हावी असो की धोबी. काउंटरवरचा अपमान किती खोल जातो हे ज्याला स्वतःला माहीत होतं, त्याचं हे उत्तर.

मग काउंटर गेला कधी? याचं उत्तर तारखेसकट देता येतं. सप्टेंबर १९१६, अमेरिकेतलं मेंफिस शहर. क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं पिगली विगली या मजेशीर नावाचं किराणा दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन सांगितलं, तुमचं तुम्हीच घ्या. तोवर तिकडेही आपल्या जानेफळसारखंच होतं, नोकरानं माल काढून द्यायचा. सॉन्डर्सनं नोकरांचा पगार वाचवला, त्यामुळे माल स्वस्त विकता आला. पण इंजिनिअरनं बघायची गोष्ट वेगळीच आहे. त्यानं दुकानाच्या मांडणीचं पेटंट घेतलं, १९१७ साली. आत शिरायला एक फिरतं फाटक, मग नागमोडी एकच वाट, ती सगळ्या फळ्यांसमोरून जाणार आणि शेवटी रोखपालासमोरच निघणार. मधूनच बाहेर पडायला वावच नाही. म्हणजे काउंटर काढून टाकताना त्याच क्षणी दाराचा बंदोबस्त करावा लागला. पूर्वी पहारा मालावर होता, आता तो माणसावर आला.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथंच आहे. सेल्फ-सर्व्हिस दुकान आपल्याला आत 'तुमचंच दुकान आहे' म्हणतं आणि दारात 'दाखवा बघू' म्हणतं. दुकानदार वाईट म्हणून हे घडत नाही. ज्या मांडणीनं नोकरांचा खर्च वाचवला, तिचा बाकी राहिलेला हिशेब दारावर चुकता करावा लागतो.

आता या हिशेबात यंत्र कुठं बसतं ते बघू, कारण "सर, सेन्सर लावला की झालं!" असं आपल्यातला कुणीतरी म्हणणारच. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुपरमार्केटचा मॅनेजर असलेल्या रोनाल्ड असाफनं सेन्सरमॅटिक कंपनी काढली, आणि मालावर टॅग लावून दारात ॲन्टेना उभी करायची पद्धत रुळली. कपड्यांच्या मोठ्या दुकानांत दाराशी ते दोन उभे खांब दिसतात ना, तेच. त्यात दोन प्रकार जास्त चालतात. एक आपल्या सेकंड इयरच्या एल-सी सर्किटचाच भाऊ. चौकोनी स्टिकरमध्ये गुंडाळलेली धातूची पट्टी म्हणजे कॉइल, तिला जोडलेला पातळ कपॅसिटर, रेझोनन्स ८.२ मेगाहर्ट्झ. खांबांमधून जाताना तो तेवढ्या फ्रिक्वेन्सीची ऊर्जा शोषतो आणि रिसीव्हरला खड्डा दिसतो. बिल झालं की काउंटरवरच्या पॅडमधून जोरदार फील्ड देऊन कपॅसिटरचं डायलेक्ट्रिक फोडतात, टॅग मेला.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. बोटाएवढ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत विशिष्ट मिश्रधातूची सुटी पट्टी असते, चुंबकीय क्षेत्रात तिची लांबी सूक्ष्म बदलते. तिच्याजवळ एक चुंबकित पट्टी. खांब ५८ किलोहर्ट्झचे ठोके सोडतात आणि थांबतात. ठोका थांबला तरी ही पट्टी देवळातल्या घंटेसारखी थोडा वेळ घुमत राहते. रिसीव्हर त्या शांततेतच कान लावून बसलेला असतो. घुमण्याचा आवाज आला की बझर! बिल करताना चुंबकित पट्टीचं चुंबकत्व काढलं की घंटेचा सूर बदलतो, मग खांबाला ती ऐकू येत नाही.

सुंदर आहे, नाही? पण दहा रुपयांच्या साबणाला, पाच रुपयांच्या बिस्किटाला असा टॅग लावणं परवडत नाही. म्हणून टॅग लागतो तो साडीला, महागड्या क्रीमला, चॉकलेटच्या मोठ्या डब्याला. गरीब वस्तीतल्या किराणा दुकानात मालच बारीक, तिथं सेन्सर म्हणजे गार्डचे डोळे. आणि जिथं टॅग असतो तिथंही काय होतं? कॅशियर गर्दीत टॅग निकामी करायला विसरतो, दारात बझर वाजतो आणि सगळी रांग वळून गिऱ्हाइकाकडे बघते. चूक कॅशियरची, मान खाली जाते गिऱ्हाइकाची. खरं सांगायचं तर बाहेर बिलावर रेघ मारतात ती तपासणी निम्मी कॅशियरचीच असते. ओळखीच्याला एक वस्तू न मोजता सोडली का, हे त्यातून कळतं. पण असं दारात कुणी सांगत नाही.

आता डोळ्यांचा सेन्सर. त्याची अचूकता किती? आकडे मी गृहीत धरतोय, हे आधीच सांगतो, कुठल्या सर्व्हेचे नाहीत. समजा दुकानात दिवसाला १००० गिऱ्हाइकं येतात आणि त्यात १० चोर आहेत, म्हणजे शंभरात एक. समजा आपला गार्ड फार हुशार. चोर समोरून गेला तर दहापैकी आठ वेळा त्याला ओळखतो, आणि प्रामाणिक माणसावर चुकून संशय घ्यायचं प्रमाण फक्त दहात एक. एवढा चांगला माणूस मिळणं कठीण! आता मोजा. १० पैकी ८ चोर अडवले. उरलेल्या ९९० प्रामाणिक माणसांपैकी ९९ अडवली. एकूण अडवलेले १०७, त्यात चोर ८. म्हणजे हुशार गार्डनं अडवलेल्या दर शंभरातली ९२ माणसं निर्दोष. गार्डची यात चूक नाही. चोर मुळातच कमी आहेत, त्यामुळे निर्दोष माणसांची थोडीशी टक्केवारीसुद्धा चोरांच्या संख्येला झाकून टाकते. हेच ते बेजचं प्रमेय, जे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. लाल आणि पांढऱ्या चेंडूंच्या गणितात ते कधी कळलं नाही, मोठ्या आईच्या पिशवीत कळलं.

पण खरा गार्ड असं करत नाही. त्याच्याकडे चोर ओळखायची कुठलीच विद्या नसते. त्याच्याकडे असतात कपडे. मळका शर्ट, लुगडं, अनवाणी पाय, हातात गाठोडं. समजा हजारांतले ३०० असे दिसणारे आणि तो त्यांचीच झडती घेतो. चोरीचा आणि कपड्याचा संबंध नाही असं धरलं तर या ३०० मध्ये चोर किती? ३. उरलेले ७ चांगल्या कपड्यांत, गार्डच्या सलामासकट, बाहेर गेले! आता दुसरी पद्धत बघा. कपडे न बघता चिठ्ठ्या टाकून कुठलेही ३०० जण तपासले. चोर किती सापडतील? सरासरी ३. म्हणजे कपड्यांची चाळणी आणि चिठ्ठ्या, दोघांची ताकद एकच. फरक एवढाच की चिठ्ठी आज याच्यावर पडेल, उद्या त्याच्यावर. चाळणी रोज त्याच माणसांवर पडते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अजून पुढेच आहे. महिन्याच्या शेवटी मॅनेजर रजिस्टर उघडतो. पकडलेले चोर किती? नव्वद. त्यांत गरीब किती? नव्वद! मॅनेजर मान हलवतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?" अहो, जाळं जिथं टाकलं तिथलेच मासे येणार ना. चांगल्या कपड्यांतल्यांना तपासलंच नाही, मग त्यांचं नाव रजिस्टरमध्ये येईल कुठून? चूक स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करते. आपण फीडबॅक शिकतो तेव्हा पॉझिटिव्ह फीडबॅकनं सिस्टिम अस्थिर होते म्हणतो. इथं उलट ती फार स्थिर होते, पिढ्यान्पिढ्या.

आणि हे फक्त दुकानाच्या आत होतं असंही नाही. जानेवारी २०१५ मध्ये पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या मॅकडोनाल्ड्समध्ये एका तरुणीनं रस्त्यावरच्या मुलाला काहीतरी प्यायला घेऊन द्यायचं ठरवलं. पैसे ती देणार होती, पण मुलाला हाकलण्यात आल्याची तक्रार तिनं जाहीर केली आणि मोठा गदारोळ झाला. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलनं धोतर नेसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दारात अडवलं. मुलानं वडिलांना सिनेमा दाखवायला नेलं होतं, हातात तिकिटं होती. तो मॉल सरकारनं सात दिवस बंद ठेवायला लावला. दोन्ही वेळा लोक चिडले ते बरंच झालं. पण घटनेचं कलम १५ पुन्हा वाचा. जात आहे, धर्म आहे, लिंग आहे. धोतर नाही, अनवाणी पाय नाही, गरिबी नाही. कपड्यांवरून अडवणारा म्हणेल, मी जात कुठं विचारली? खरं आहे. पण धोतर कोण नेसतं हे त्याला आणि आपल्याला, दोघांनाही ठाऊक असतं.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण गार्डला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही ते माहीत नसतं. खाजगी गार्ड म्हणजे पोलीस नव्हे. त्याचा ड्रेस पोलिसांसारखा वा लष्करासारखा असणं हासुद्धा २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यानुसार गुन्हा आहे. दुकानाचा माल चोरून जाऊ न देण्याचा हक्क दुकानदाराला आहेच. पण माणसाला धरून ठेवण्याचा सामान्य नागरिकाचा अधिकार फार आखूड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला (किंवा माणूस फरार घोषित असला) तरच धरता येतं, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली, पहिल्यांदाच केलेली चोरी वस्तू परत दिल्यावर समाजसेवेच्या शिक्षेची आहे, आणि तो प्रकार अदखलपात्र, जामीनपात्र धरलाय. आता दोन्ही एकत्र वाचा. दहा रुपयांच्या पुड्यासाठी कुणाला खोक्यांच्या खोलीत बसवून ठेवायला आधार उरत नाही, उलट बसवणाऱ्यावरच गैरकायदेशीर अटकावाचा, म्हणजे न्याय संहितेच्या कलम १२७ चा प्रश्न येतो. अंगझडतीचं तर विचारूच नका. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईनंच आणि सभ्यता राखून घ्यावी लागते, गार्डला तो अधिकार मुळातच नाही. "तुमची पिशवी बघू का?" असं विचारता येतं. "नाही" म्हणता येतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

पिशवीवरून आठवलं. आपली पिशवी बाहेर ठेवून घ्यायची आणि बिलाच्या वेळी कॅरीबॅगचे वेगळे पैसे लावायचे, हा अनुभव सगळ्यांचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं बिग बाजारच्या प्रकरणात, आधी दाराशी ठळक न सांगता असे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. (तो बिग बाजार पुढं २०२२ मध्ये बुडाला, ती निराळी कथा.)

कधी कधी वाटतं, गिऱ्हाईकच मालक असेल तर? मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सहकारी तत्त्वावर अपना बाजारचं किराणा दुकान सुरू झालं. गिऱ्हाईकच सभासद. आपल्याच दुकानात आपण चोर कसे असू? पण सहकार सगळीकडे रुजला नाही, हे आपण आपल्या जिल्ह्यातसुद्धा बघतो.

आणि यंत्र आलं की भेदभाव जातो असंही नाही. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला घरटी पस्तीस किलो धान्य ठरलंय, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतंय. मशीनसमोर आमचा पगारदार माणूस अंगठा ठेवतो, हिरवा दिवा. निंदण-खुरपण करून ज्या बाईच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्यात तिनं तीनदा ठेवला तरी लाल. मशीनला तिची गरिबी माहीत नाही. पण ती तिच्या बोटावरच उमटलेली असते.

आता दादाची बाजू. कारण हा लेख गार्डविरुद्ध लिहिलाय असं वाटलं तर तो मला घरात घेणार नाही. बारा तास ड्यूटी, उभ्यानं. बसायला स्टूल नाही. तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या माणसांना बसायला जागा द्यावी असा कायदा केला, केरळनं त्याच्या आधी, २०१८ मध्ये. दादाला मी हे सांगितलं तर म्हणाला, "मंग तिकडंच जातो कामाले." केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असं किमान वीस दिवसांचं प्रशिक्षण सांगितलं होतं, त्यात लोकांशी कसं वागायचं हा विषयसुद्धा होता. दादाचं प्रशिक्षण दोन दिवसांचं झालं. पहिल्या दिवशी सलाम कसा ठोकायचा, दुसऱ्या दिवशी ड्रेसचे पैसे पगारातून कसे कापणार ते.

आणि स्टॉक मोजताना तूट आली की सुपरवायझर गार्डकडेच बघतो. उंदरानं कुरतडलेलं पोतं, फुटलेली बाटली, मालवाल्यानं कमी उतरवलेली खोकी, कॅशियरची चूक, सगळी घट दादाच्या खात्यावर. एकदा त्याचे चारशे रुपये कापले. खरं तर ताब्यात दिलेला माल स्वतःच्या निष्काळजीपणानं गेला असेल तरच, आणि कामगाराला बाजू मांडायची संधी देऊनच कापता येतं. हा नियम १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलाय. दादाला कुणी संधी दिली नाही. मग तो काय करतो? ज्याला अडवलं तर ओरडणार नाही त्यालाच अडवतो. गाडीतून उतरलेल्या माणसाची पिशवी मागितली तर तो मॅनेजरला बोलावतो. लुगड्यातली बाई कुणालाच बोलावत नाही. कपड्यांची चाळणी दादाच्या डोक्यातून आलेली नाही. ती त्याच्या पगारातून आलीय.

मोठ्या आईच्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी दादा स्वतःच्या दुकानाच्या दारावर उभा होता. त्यानंच सांगितलं, की एक म्हातारा मोठं गाठोडं घेऊन निघाला. "हात आपोआप पुढं झाला बे माहा. मंग मले बुढी दिसली. म्हटलं, जा बाबा." मी विचारलं, मग त्यानंतर? म्हणाला, "त्यानंतर काय, महिन्याअखेरी पुन्हा मोजणी हाय."

यावर काहीतरी करावं म्हणून आम्ही दोघा मित्रांनी एक छोटं सर्किट केलं. कल्पना आमची नाही. मेक्सिकोच्या विमानतळांवर कस्टमवाल्यांनी अनेक वर्षं असा दिवा ठेवला होता. प्रवाशानं बटन दाबायचं, हिरवा लागला तर चालू लागा, लाल लागला तर बॅग उघडा. निवड माणूस करत नाही, त्यामुळे राग कुणावर धरायचा? आमच्या सर्किटमध्ये एक जलद चालणारा काउंटर आहे. गिऱ्हाइकानं बटन दाबलं की तो जिथं असेल तिथं थांबतो. दहापैकी एका आकड्यावर लाल, बाकी नऊवर हिरवा. काउंटर सेकंदाला हजारो वेळा फिरतो, म्हणून कुणी ठरवून हिरवा आणू शकत नाही. ब्रेडबोर्ड, दोन दिवे, एक बझर (तो नंतर काढून टाकला, बझर नको असं दोघांचंही मत पडलं). याची मर्यादा लपवत नाही. दिवसाला शंभर जण तपासले जातील आणि आमच्या गृहीत आकड्यांप्रमाणे सरासरी एकच चोर सापडेल. पण आज कुणावरही पाळी येऊ शकते हे माहीत असल्यावर चांगल्या कपड्यांतले सात जणही जरा विचार करतील, असा आमचा अंदाज. आणि लाल लागलेल्या माणसाकडे रांग चोर म्हणून बघणार नाही, फार तर 'आज याची पाळी' म्हणून बघेल.

सुट्टीत दादा जानेफळला आला तेव्हा मी त्याला ते दाखवलं. त्यानं आठ-दहा वेळा बटन दाबलं. नवव्यांदा लाल लागला तेव्हा हसला. मोठ्या आईलाही दाबायला दिलं, तिला हिरवा. मग दादानं बोर्ड खाली ठेवला आणि विचारलं, "अन् मालकाच्या बायकोवर लाल लागला त?"

मी म्हटलं, मग तिची पिशवी बघायची.

"कोण बघन?" दादा म्हणाला. "मी?"

सर्किट सध्या आमच्या लॅबच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर आहे. नऊ व्होल्टची बॅटरी कुणीतरी काढून नेलीय.